सफिये उतरली ते स्टेशन

पान उलटलं आणि नियारेचा आवाज अडखळला. कादंबरीतली आयशे मरत होती. मालगाडीच्या बंद डब्यात, पाण्यावाचून.

"थांबलीस का गं?" अबकेरिमने विचारलं.

"पानं चिकटलीत, बाबा."

डोळे गेल्यापासून तो दुपारी कॉफी घेऊन अंगणात बसायचा आणि मुलगी त्याला वाचून दाखवायची. ही कादंबरी त्यानेच मागवली होती. चव्वेचाळीस साली क्रिमियातल्या तातारांना देशद्रोही ठरवलं, घराघरांतून उठवून गाड्यांत कोंबलं आणि पार मध्य आशियात नेऊन टाकलं, त्याची ती गोष्ट. अबकेरिम तेव्हा बारा वर्षांचा होता. आई, थोरली बहीण सफिये आणि तो अशाच एका डब्यात होते. उझबेकिस्तानात उतरले ते मायलेक दोघंच. केस पिकल्यावर त्याला क्रिमियात, आपल्या बखचिसराय गावी परतता आलं. आई तिकडच्याच मातीत राहिली.

नियारेने पुढचा मजकूर नजरेखालून घातला. हे बाबांना ऐकवायचं नाही, असं तिने ठरवलं. नजर पुस्तकावर ठेवून ती भलतंच वाचू लागली.

"गाडी एका स्टेशनात थांबली. आयशे पाणी आणायला उतरली. ती नळाशी होती तेवढ्यात गाडी सुटली. गावातल्या एका म्हातारीने तिला घरी नेलं..."

सफियेचं असंच झालं होतं. आजी सांगायची. मरेपर्यंत आजी परगावाहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, गालावर तीळ असलेली, तातारी बोलणारी बाई कुठे दिसली का.

अबकेरिमने कप खाली ठेवला.

"हे पुस्तकात नाही."

"आहे, बाबा. वाचतेय ना मी."

"नाही, पोरी. हे मी रचलंय." तो हळू बोलत होता. "आई तापात बेशुद्ध होती. सफिये गेली. गाडी थांबली तेव्हा शिपायांनी तिला रुळांच्या कडेला ठेवायला लावलं. पुरूही दिलं नाही. पाय मी धरले होते. मग आई शुद्धीवर आली. म्हणाली, पोर कुठाय? मी म्हटलं, पाणी आणायला उतरली."

नियारे पुस्तक मिटू लागली.

"एकदा म्हटलं, मग म्हणतच राहिलो. तू वाच आता. लिहिलंय तेच वाच."

तिने वाचलं. आयशेचं डोकं तिच्या आईच्या मांडीवर होतं. डोळे आईनेच मिटले. स्वतःच्या ओढणीने तिचं तोंड झाकलं. मग असा हंबरडा फोडला की शेजारच्या डब्यातली माणसंही रडू लागली.

नियारेने वर पाहिलं. बाबांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"बरं झालं," अबकेरिम म्हणाला. "तिच्या आईला रडता तरी आलं."