पाचवं माणूस

"चित्र काढलं नाहीत तरी चालेल," वॉलेस बँटिक दाराबाहेरूनच म्हणाला. "नुसतं येऊन बसलात तरी पुरे."

आयव्ही ट्रेलोरने दार अर्धंच उघडलं होतं. बाहेर जुलैचा, इकडच्या ऐन हिवाळ्याचा गारठा होता. म्हाताऱ्याने टोपी काढून हातात धरली होती.

"मला चित्रातलं काही कळत नाही."

"नवशिक्यांचाच वर्ग आहे. कोळशाने काढायची चित्रं. चार जण झालेत. पाचवं माणूस नसेल तर गावचं कौन्सिल हॉल वापरायला देत नाही."

"गावात दुसरं कुणी नाही का?"

"सगळ्यांना विचारून झालं," तो टोपीकडे बघत म्हणाला.

आयव्हीला नाही म्हणायची सवय झाली होती. ती दोघं नवरा-बायको निवृत्त होऊन टास्मानियाच्या या टोकाला आली ती मर्व्हिनला मासे धरायची हौस म्हणून. ओळखीपाळखी सगळ्या त्याच्या. एप्रिलमध्ये तो अचानक गेला आणि शेजारणी जेवण घेऊन येऊ लागल्या. तिने भांडी दारातूनच परत केली. बेकरीवाल्या नोरीनला तर तोंडावर सांगितलं, "मला कुणाची कीव नको." त्यानंतर कुणी आलं नाही. ती पडदे ओढून बसायची, सवयीने दोन कप चहा करायची आणि एक ओतून टाकायची.

पण हा माणूस कीव करायला आला नव्हता. त्याचंच काही अडलं होतं.

"बघते," ती म्हणाली आणि मंगळवारी गेली.

हॉलमध्ये नोरीन होती, खेकडे-शेवंडं धरणारा ह्यूई होता, औषधाच्या दुकानातली डोरा आणि तिची बहीण होती. मधल्या टेबलावर पांढऱ्या कापडावर एक अंडं ठेवलं होतं.

"आधी सगळा कागद काळा करा," वॉलेस म्हणाला. "मग उजेड कुठे आहे, तेवढंच पुसून काढा."

ह्यूईच्या जाड बोटांत कोळशाची कांडी टिकेना. तिसरी मोडल्यावर तो म्हणाला, "याच्यापेक्षा खेकडा बरा. निदान तो उलटा चावतो तरी."

आयव्हीने मान खाली घातली. हसू आलेलं कुणाला दिसू नये म्हणून.

वॉलेस फार शिकवत नसे. चाळीस वर्षं शाळेत मुलांना शिकवलं, एवढंच तो सांगे. खुर्च्यांमागून फिरताना गुणगुणायचा. एकदा नोरीनने नकळत त्याच्या सुरात सूर मिसळला, खालच्या सुरात ह्यूईचाही आवाज आला. वॉलेस खोकला. दोघंही गप्प झाली.

"गा की," आयव्ही म्हणाली. "माझी काही हरकत नाही."

"छे गं, आम्हाला कुठलं गाणं येतंय," नोरीन म्हणाली आणि अंड्याला आणखी काळं करू लागली.

अंड्यावरून किटली आली, किटलीवरून बूट. आयव्हीच्या नखांतला कोळसा आता जात नसे, आणि ती तो घासूनही काढत नसे. आठवड्यातले बाकी दिवस तसेच होते. फक्त पुढे मंगळवार दिसत असायचा, म्हणून ते ढकलता यायचे.

सप्टेंबरात वॉलेसने ज्याला जो चेहरा आठवेल तो काढायला सांगितला. आयव्हीने मर्व्हिनचं कपाळ काढलं, भुवया काढल्या. मग तिचा हात थांबला तो थांबलाच.

"ओठ आठवत नाहीत," ती म्हणाली. "एकतीस वर्षं समोर बसून जेवलाय माणूस, आणि ओठ आठवत नाहीत."

"मग तेवढी जागा कोरी ठेवा," वॉलेस म्हणाला.

नोरीन वाकून बघत होती. "डावीकडून हसायचा तो," ती हळूच म्हणाली. "पाव घ्यायला यायचा ना सकाळी. म्हणायचा, कालचा असेल तर दे, बायकोला फरक कळत नाही."

"मला कळायचा," आयव्ही म्हणाली. आणि एप्रिलपासून पहिल्यांदाच ती चारचौघांत रडली. कुणी जवळ आलं नाही. ह्यूईने नुसता आपला रुमाल तिच्याकडे सरकवला. तो आधीच काळा झाला होता.

ऑक्टोबरात अ‍ॅडलेडहून धाकट्या बहिणीचा, जॉइसचा फोन आला. "माझ्याकडे ये कायमची. तिथे आता कोण आहे तुझं?"

"मी आले तर वर्ग बंद पडेल."

"चित्रांच्या वर्गासाठी राहणार तू?"

"पाच माणसं लागतात, जॉइस. त्या म्हाताऱ्याला दुसरं काही नाही गं. वाट बघायला तेवढाच एक दिवस आहे त्याला."

जॉइसने कपाळावर हात मारला असावा. शेवटी नाताळापुरतं महिनाभर जायचं ठरलं. पण तेवढे मंगळवार तरी चुकणारच होते. आयव्हीला ते सलत राहिलं. तिच्यामागे वॉलेस कुणाच्या दारात टोपी घेऊन उभा राहणार? विचार करून ती कौन्सिलच्या ऑफिसात गेली. आता घराचे पडदे उघडे असत, आणि ती कुठेही जाऊ लागली होती.

टेबलामागची मुलगी नवी होती, होबार्टहून आलेली.

"मंगळवारच्या चित्रांच्या वर्गाबद्दल बोलायचंय," आयव्ही म्हणाली. "मी महिनाभर नसणार. चारच जण राहतील. तेवढ्यासाठी हॉल काढून घेऊ नका. बँटिक एकटे आहेत. त्यांना फार लागेल ते."

"कशाला काढून घेऊ?"

"पाच जणांचा नियम आहे ना."

"असा काही नियम नाही," मुलगी म्हणाली. "आणि वॉलेस एकटे कुठले? मंगळवार तर त्यांच्या गाण्याच्या मंडळींचा. निम्मं गाव गातं त्यात. यंदा त्यांनी आपणहूनच गाणं बंद ठेवलंय. म्हणाले, कुणी एक बाई आहेत, नवरा गेल्यापासून दार उघडत नाहीत. इतक्यात त्यांना गायला कसं बोलवायचं, म्हणून आम्ही चित्रं काढतोय."