ओकचे छप्पर

सुज्ञ वाचकहो, इंग्लंडमधील यॉर्कशायर प्रांती सुमारे एका शतकापूर्वी माल वाहणाऱ्या विजेच्या गाड्या बांधू लागलेल्या एका कारखान्याची, आणि तेथील वृद्ध मिस्तरींनी भर चढावर घेतलेल्या निर्णयाची हकीकत मी येथे मोजून शंभर शब्दांत निवेदन करीत आहे.

इनॉक सगडेन यांनी चाळीस वर्षे घोडागाड्या बांधल्या होत्या. त्याच सवयीने त्यांनी कारखान्याच्या पहिल्या विजेच्या गाडीवरही ओकलाकडाचे जड छप्पर चढविले. बिअरभट्टीच्या मालकांदेखत गाडी पिंपांसह अर्ध्या चढावरच थांबली. “मिस्तरी, हिला चंदी घालायला विसरलात वाटतं?” एक घोडागाडीवाला खिदळला. मालकांनी घड्याळ पाहिले. “बारापर्यंत वर पोचली नाही, तर मी घोडेच घेणार.” हे गिऱ्हाईक गेल्यास कारखान्याला कुलूप निश्चित होते. वीजतंत्रज्ञ हळूच म्हणाला, “काका, बॅटरी ठणठणीत आहे. छपराचं ओझं होतंय.” इनॉकांनी कोट उतरविला, करवत मागविली आणि स्वहस्ते घडविलेले चारही खांब कापले. छप्पर रस्त्याकडेला पडले. गाडी हलली आणि माथा गाठूनच थांबली. “मला छपरासकट गाडी हवी होती,” मालक म्हणाले. “छप्पर सोमवारी लावू साहेब, कॅनव्हासचं,” इनॉक उत्तरले. “चढ आजचा होता.”

त्याच चढाच्या माथ्यावर गेली तीस वर्षे बिऱ्हाड करून असलेला, आपला नम्र, दौलतराव बाबाजी साळोखे. शब्द मोजण्यात चूक झाली असल्यास क्षमा असावी. वेळ काढून वाचल्याबद्दल आपणां सर्वांचे मनःपूर्वक आभार.