एक जुनं मडकं

“सारं पुसून टाक, उमेंद्र. काहीच ठेवू नको,” लीलाधर कटरे म्हणाले.

उमेंद्र कॉम्प्युटरसमोर मांडी घालून बसला होता. आमगाव स्टेशनाजवळ त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं, आणि या घरी त्याची ही तिसरी खेप. दोनदा त्याने व्हायरस काढला, दोनदा तो परत आला. मंगळवारपासून तर मशीन सुरू केलं की नुसत्या जाहिराती, त्याही बापलेकीने एकत्र बघू नयेत अशा. पुढे काही उघडतच नव्हतं.

पण जाहिरातींपायी कोणी इतकं हवालदिल होत नाही. लीलाधरांची मुलगी गुंजन तेहतीस वर्षांची होती. दोन वर्षांत तिची तीन स्थळं मोडली. तिन्ही वेळा पसंती झाली आणि आठ दिवसांत नकार आला. शेवटच्या मुलाच्या मामाने फोनवर कारण सांगून टाकलं: मुलीला मिरगी आहे, घरचे लपवतात, असा मेल आलाय. तुमच्याच घरच्या पत्त्यावरून. गुंजनला जन्मात कधी साधी भोवळ आली नव्हती. त्या दिवशी ती मोरीत बसून रडली.

“व्हायरसच पाठवून राहिला,” लीलाधरांनी तेव्हाच निदान केलं होतं. “भाऊबंदांपैकी कोणीतरी घातला असन. जळतात.”

पंचायत समितीत बत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. किराण्याची यादीसुद्धा ‘विषय’ लिहून सुरू करायचे, आणि गुंजन त्यावरून त्यांची खूप थट्टा करायची. आई गेल्यापासून घरात दोघंच. मावशीकडच्या लग्नाला ती चार दिवस गेली, तर हे गृहस्थ पोहे आणि दुधावर राहिले. शेजारणीने डबा दिला, तो झाकला तसाच परत केला.

“काका, आधी पाहू का, मेल कोणत्या दिवशी, किती वाजता गेले?” उमेंद्र म्हणाला. “दोन तास लागतीन. व्हायरस असा नाव पाहून चिठ्ठी नाही लिहित.”

“साप तं गेला, आता लकीर कायले पिटतोस? पूस.”

लीलाधरांना घाई होती, आणि का ते गुंजनला ठाऊक होतं. सकाळीच त्यांनी चौथं स्थळ सांगितलं होतं. वीरेंद्र बिसेन, गोंदियाचा, राईस मिलमध्ये मॅनेजर. रविवारी पाहायला येणार. “दुधानं तोंड पोळलं आपलं,” ते आवाज खाली आणून म्हणाले होते. “या घरात नाव तुले माहीत अन् मले. बाहेर कोणाजवळ बोलू नको.” तिला आशा वाटली होती, आणि आशा वाटल्याची भीतीही.

“पाहा ताई,” उमेंद्र समजावू लागला, “सुतक फिटलं का आपण मातीची मडकी सारी फेकून देतो ना? चांगलं आहे म्हणून एखादं ठेवत नाही. हे तसंच. सारं कोरं करायचं, मग नव्यानं भरायचं.”

“आईचे फोटो तेवढे ठेवा, भाऊ.”

‘आई’ नावाचं एक फोल्डर त्या मशीनमध्ये होतं. तीन वर्षांत गुंजनने ते एकदाही उघडलं नव्हतं. धीरच झाला नव्हता.

“ते बी नको,” लीलाधर म्हणाले.

गुंजनने चमकून पाहिलं. देवाआधी बायकोच्या तसबिरीला हात जोडणारा माणूस! त्यांचे डोळे भरून आले होते.

“एक बी मडकं ठेवू नको म्हणते ना हा? तुह्या लग्नापुढं फोटो काय मोठे आहेत? तुही आई असती तं तिनं बी हेच म्हटलं असतं.”

आपल्यापायी बाबूजी आईचे फोटोही सोडायला निघाले, याचं गुंजनला फार वाईट वाटलं. ते दम्याची गोळी घ्यायला आत गेले, तेव्हा तिने हळूच आपला पेनड्राइव्ह उमेंद्रच्या हातात ठेवला.

“त्यांना सांगू नका.”

उमेंद्रने फोल्डर उतरवून घेतलं, दुकानातून आणलेल्या लॅपटॉपवर तपासलं. “यात व्हायरस नाही, ताई. बिनघोर राहा.” मग त्याने मशीन पुसून कोरं केलं, सारं नव्याने भरलं आणि बारा वाजता गेला.

दुपारी लीलाधर पोटभर जेवले. “तुह्या हातच्या भाताबिगर मले काही गोड लागत नाही,” ते म्हणाले. “तू गेल्यावर कसं होईन, देव जाणे. पण पोरगी परक्याचं धन. जाशीन तं जाच, बेटा.” मग ते आतल्या खाटेवर आडवे झाले. जेवणाची भांडी घासताना गुंजन त्यांच्याच काळजीत होती. बिसेनांना विचारावं, बाबूजींना सोबत ठेवता येईल का?

चार वाजता तिने पेनड्राइव्ह लावला. कोऱ्या पडद्यावर आईचा एखादा फोटो ठेवावा, एवढंच मनात होतं. नवेगाव बांधच्या तळ्याकाठी आई उभी होती, उन्हामुळे डोळे बारीक केलेले. गुंजन पहिल्यांदा न रडता तिच्याकडे पाहू शकली.

फोटो संपले आणि खाली चार फाईली निघाल्या. त्यांना नाव नव्हतं, नुसते आकडे होते. एक, दोन, तीन, चार. चौथीवर सोमवारची तारीख होती. राहिलंच की एक मडकं, तिच्या मनात आलं. लगेच पुसून उमेंद्रला फोन करायला हवा होता. पण तिने चौथी फाईल उघडली.

आतून लीलाधरांनी हाक मारली, “बेटा, चहा ठेवतेस?”

पडद्यावर पहिलीच ओळ होती:

‘विषय: चि. वीरेंद्र बिसेन यांच्या नियोजित सोयरिकीबाबत.’