मुक्कामाचा धूर

२०१८ सालच्या दिवाळीच्या पाडव्याला आप्पासो सांगलीत, विश्रामबागेतल्या लेकाच्या बिल्डिंगच्या गच्चीवर चढला आणि चालायला लागला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. कठड्याकडेने एक फेरी झाली की पाण्याच्या टाकीजवळच्या ढिगातला एक खडा उचलून पलीकडे ठेवायचा. उन्हं कलली की थांबायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वर.

खाली स्वयंपाकघरात हरणाबाईला नवऱ्याची पावलं डोक्यावर ऐकू यायची. त्याला थांबवायला तिला तोंडच नव्हतं. जेठात मेंढरं विकली तेव्हा तिनेच त्याला बिरोबापुढे भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली होती, की पुन्हा वाट धरणार नाही. म्हसवडहून कोकणात आणि कोकणातून म्हसवडला, चाळीस वर्षं ती मेंढरांपायी चालली होती. तीन बाळंतपणं रानात झाली, त्यातला एकटा बिरदेव हाती लागला. तिला कडी असलेलं दार हवं होतं. बिरदेव एसटीत चालक झाला आणि त्याने ते दिलं. पहिले दोन महिने हरणाबाई दिवसातून दहादा ती कडी नुसतीच लावून बघायची.

आप्पासोने शब्द पाळला. बिल्डिंगच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. पण पलंगावर त्याला झोप येईना आणि गॅसवरची भाकरी घशाखाली उतरेना. दसऱ्यापर्यंत अंगातला सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसायला लागला. डॉक्टरांनी घरी येऊन सगळं तपासलं. रोग काही सापडला नाही.

सून मंगल इस्लामपूरची, तोंडाने मोकळी. कपडे वाळत घालायला ती गच्चीवर जायची. एकदा तिने चेष्टेने सासऱ्याला विचारलं की मामा, आज कुठवर मजल? तो न थांबता म्हणाला, औंध. पुढच्या खेपेला विचारलं तर औंधच्या पुढचं गाव निघालं. मग तिच्या ध्यानात आलं. खड्यांवर म्हातारा वाट मोजत होता. पाडव्याला म्हसवडहून निघाला होता आणि रोज एक मुक्काम पुढे सरकत होता. गोंदवलं झालं, वडूज झालं, उंब्रज झालं, पाटण मागे पडलं. आज कोयनेच्या काठाने हेळवाकला पोचायचा होता, कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी.

मंगलने हे सासूला हसत हसत सांगितलं. सांगता सांगता तिचं हसू जरा कमी झालं.

"पर आत्या, चालून झालं तरी लगीच खाली येत न्हाईत बघा. कोपऱ्यात हुबं ऱ्हात्यात, लांब बघत. म्या म्हनलं, काय बघताय मामा? तर म्हनले, धूर दिसंना."

हरणाबाईचा पिठातला हात तसाच राहिला.

वाटेवर बायका घोडीच्या पाठीवर बिऱ्हाड लादून सरळ रस्त्याने पुढे जातात. पुरुष मेंढरं चारत रानारानाने मागून येतात. निघताना मुक्कामाचं गाव सांगायचं आणि पोचल्यावर तीन दगड मांडून चूल पेटवायची, हे बायकांचं काम. धूर दिसला की पुरुष मेंढरं तिकडे वळवतात. चाळीस वर्षांत आप्पासो एकदाही गार चुलीपाशी आला नव्हता. आणि आता इतके दिवस तो रोज मुक्कामाला पोचून वाट बघत उभा होता.

हरणाबाईने पीठ, तवा आणि काड्यापेटी घेतली. जिन्याखालच्या तीन विटा वर नेल्या, नारळाच्या वाळक्या झावळ्या ओढत नेल्या. गच्चीच्या कोपऱ्यात चूल मांडली. धूर उठला तसे खालच्या मजल्यावरचे लोक धावत आले. मंगलने आत्यांचा नवस आहे म्हणून दडपून सांगितलं आणि त्यांना जिन्यातूनच परत लावलं.

आप्पासोची शेवटची फेरी चालू होती. त्याने मान वर केली. मेंढरं वळवताना धरायचा तशी काठी आडवी धरली आणि सरळ धुराकडे आला. चुलीपुढे उकिडवा बसला.

"घोडी बांधली?"

घोडी पुतण्याला, तानाजीला, देऊन पाच महिने झाले होते.

"बांधली," हरणाबाई म्हणाली.

त्याने अडीच भाकऱ्या खाल्ल्या. ती तव्यावरून काढेल तशी हातातून घेत गेला. खाऊन झाल्यावर हरणाबाईने सगळा धीर गोळा केला.

"आवं, त्यो भंडारा म्या फेडते. तानाजीची मेंढरं आजून पाटणच्या अंगालाच असतील. उद्या खरंच जाऊ."

तो हसला. दिवाळीपासून पहिल्यांदा.

"उद्या घाट उतरायचाय. तू म्होरं हो. म्या येतो मागनं."

घोंगडं अंथरून तो चुलीच्या उबेला आडवा झाला. हरणाबाई विस्तव सारखा करत बसली. तिला वाटलं, झोप लागली, लागू दे. उन्हं उतरल्यावर मंगल चहा घेऊन वर आली, सासऱ्याला हलवलं, आणि तिच्या हातातला कप खाली पडला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. बिरदेवची बदली साताऱ्याला झाली. मंगल तिकडे जायच्या आधी बिल्डिंगची गच्ची रंगवली गेली, तेव्हा चुलीचा तो काळा डाग तिने रंगाऱ्याला पुसू दिला नाही. हरणाबाई तेराव्यानंतर दाराला कडी न लावताच निघाली. सत्तरी ओलांडली तरी ती दर दिवाळीनंतर तानाजीच्या मेंढरांबरोबर कोकणात उतरते. बायका म्हणतात, आत्या, घोडीवर बसा, पुढं चला. ती जात नाही. ती पुरुषांबरोबर मेंढरांमागून चालते, आणि दिवस कलला की थांबून लांबवर बघत राहते. उभ्या जन्मात आप्पासो पहिल्यांदाच तिच्या पुढे गेला होता, आणि निघताना मुक्काम सांगून गेला नव्हता.