डायरीतलं पहिलं पान

एकोणऐंशी सालच्या कोऱ्या डायरीत पुष्पलतेनं पहिल्याच पानावर लिहिलं, 'यंदा बाहेरून मॅट्रिकला बसायचंच.' घरात सुनेच्या शिक्षणाचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून डायरी तांदळाच्या डब्यात लपवली. आज ती नेमकी सासूच्या हाती लागली.

"काय लिहिलं वं? वाच!" इंदूबाई दरडावल्या.

सासूला अक्षरओळख नाही, एवढाच काय तो आधार. पुष्पलतेनं वाचलं, "यंदा पापड लवकर घालायचे. सासूबाईंना रोज दुपारी वेळेवर भजनाला पाठवायचं."

इंदूबाईंनी डायरी ओढून घेतली. पहिल्या ओळीवरून त्यांचं बोट हळूहळू सरकलं. "मॅ... ट्रि... क. हे काहून गाळलं?"

मग दाराकडे एकदा पाहून इंदूबाईंनी आवाज खाली आणला.



"बस परीक्षेले. अन् मी दुपारी भजनाले नाही, प्रौढांच्या शाळेत जातो, हे तुह्या सासऱ्याले सांगू नको."