डबीतला मणी

तिसऱ्या दिवशी राख सावडताना आत्याला आईच्या तोंडात ठेवलेला मणी सापडला. तो काळाठिक्कर होता. मरणासाठी म्हणून आईनं सोन्याचा एकच मणी डबीत जपला होता. मी कुकटपल्लीच्या फ्लॅटमध्ये तांब्याचे दागिने बनवते. विकतचं सोन्याचं पाणी तांब्यावर चढेना, तेव्हा प्रयोग म्हणून तो मणी गुपचूप दोन तेजाबांच्या मिश्रणात विरघळवला. त्याच सोन्याचं पाणी माझ्या कानातल्यांवर पिवळंधमक चढलं, एका तांब्याच्या मण्यावरही. तो मी डबीत ठेवला. आजारपणात आईनं डबी उघडली. “बघ गे, अजून नव्यासारखा चमकतोय,” म्हणाली. मी खरा मणी आणण्याआधीच ती गेली. आता बाबांनी मणी दुधात धुतला, तरी काळाच राहिला. “सोनं कधी काळं पडतं का?” आत्या म्हणाली. “वहिनीनं काय पाप केलं होतं, मालूम नाही.” बाबांनी मान खाली घातली. मी ओढणीनं कान झाकले.