तव्याची चीर

महाडच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या तुळसाला हॉटेलासमोर नवऱ्याची मोटारसायकल दिसली, आत मिसळीवर वाकलेला तो दिसला आणि तिचं डोकंच फिरलं. कोंबडं आरवायच्या आधी उठून, धुरात डोळे चोळत ती डबा करून देणार, आणि हा बाबा कंपनीत जायच्या आधी इथं बसून मिसळपाव हाणणार!

"माझ्या भाकऱ्या कुठं हायत?" ती दारातूनच कडाडली.

रावजीचा घास तोंडातच राहिला. "हळू बोल गो. लोकं बगतायत."

बघत होतेच. शेजारच्या टेबलावर रायगडाला निघालेलं एक कुटुंब झुणका-भाकरी खात होतं. "अगदी घरची चव!" त्यातली बाई म्हणाली. तिच्या ताटातल्या भाकरीवर कडेला काळी रेघ उठली होती. तुळसाच्या तव्याला चीर गेल्यापासून तिच्या प्रत्येक भाकरीवर तशीच रेघ उठायची. नवा तवा आणा म्हणून ती वर्षभर सांगून दमली होती.

हॉटेलचा मालक ओशाळला. "वैनी, यांच्या डब्यातल्या भाकऱ्या मी घेतो, बदल्यात यांना नाश्ता देतो. गिऱ्हाइकं तुमच्याच भाकऱ्या मागतात बघा."

तुळसाने नवऱ्याला खुर्चीवरून उठवलं आणि तिथं स्वतः मांडी ठोकून बसली.

"माझ्याच भाकऱ्यांतली एक आना," ती मालकाला म्हणाली, "आनि ताट यांच्या हातात द्या. लगीन झाल्यापासून रोज थापतेय, पन मला अजून कुनी वाढलेली नाय."